बायोस आणि बायकोस

प्रोसेसर बदलण्याआधी मदरबोर्डाची जी मनधरणी करावी लागते, तिला बायोसची पूर्वतयारी म्हणतात. प्रोसेसर बदलणे हे काम मुळात दहा मिनिटांचे. पंखा काढायचा, खोबणीशेजारची बारीक दांडी वर करायची, जुना उचलायचा, नवा ठेवायचा, दांडी खाली. पूर्वतयारीला मात्र साधारण पंधरवडा, दोन रुसवे आणि दुसऱ्याचा एक पेनड्राइव्ह लागतो. मदरबोर्ड ही नावाप्रमाणे आई आहे, आणि नवी सून उंबऱ्यात उभी राहायच्या आत तिच्या कानावर घालावे लागते. तसे न केल्यास ती आदळआपट करत नाही, बोलतही नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा राहतो. आईचा या प्रकारचा राग ज्याने घरी पाहिला आहे त्याला पुढचे सर्व समजायला सोपे जाते.

कानावर घालण्याचे काम बायोसमार्फत होते. बायोस म्हणजे बोर्डावरच्या एका आठ पायांच्या चिपमध्ये राहणारा कारभारी. वीज मिळाली की सर्वांत आधी हा उठतो, प्रोसेसर कोण, मेमरी किती, डिस्क आहे की पळाली, अशी हजेरी घेतो आणि मग विंडोजला हाक मारतो. हे नाव १९७५ साली गॅरी किल्डॉल याने आपल्या सीपी/एम प्रणालीसाठी योजले. आजच्या बोर्डांवर त्याच्या गादीवर यूईएफआय नावाचा वारस बसला आहे. पण तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला तरी लोक तलाठीच म्हणतात, तसे यूईएफआयला सगळे बायोसच म्हणतात. या कारभाऱ्याचा स्वभाव असा, की वहीत नाव असलेल्यालाच तो आत घेतो. बोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवसापर्यंत जन्मलेले प्रोसेसर त्याच्या वहीत असतात. नंतरचे कितीही कर्तबगार असोत, दारात तिष्ठतात. वहीत नवी नावे चढवणे म्हणजे बायोस अपडेट करणे.

हा विषय अभ्यासायला मुरबाड तालुक्यातले वैशाखरे सोयीचे आहे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. नाणेघाटाची पायवाट इथूनच वर चढते. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जाई. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात दानांच्या याद्या अंकांसह कोरल्या आहेत. भारतातल्या फार जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. ते अंक लावायला संशोधक भगवानलाल इंद्रजी मिळाले. बायोसच्या पडद्यावरचे अंक लावायला वैशाखऱ्यात भाचा आहे, तोही कल्याणला.

प्रोसेसर बदलायची वेळ का येते, हे आधी सांगायला हवे. चालत्या गाड्याला खीळ घालण्याची हौस वैशाखऱ्यात कोणाला नाही. आतल्या खोलीत सातबाराच्या प्रिंटा, अकरावीचे अर्ज, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकेची पहिली जुळणी करणारा संगणक २०१७ च्या पहिल्या पिढीतल्या रायझेनवर बिनतक्रार चालत होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ घालावी तर तिच्या अधिकृत यादीत ही पहिली पिढी नाही. म्हणजे संगणक धडधाकट, धनी धडधाकट, आणि तरी दोघेही निवृत्त. तेव्हा बोर्ड तोच ठेवून त्यावर रायझेन ५ ५६०० बसवायचा निर्णय होतो. चार गाभ्यांचे सहा होतात आणि जुन्या खोबणीत नवा संसार मावतो, हा हिशेब कागदावर चोख आहे.

इथे भाच्याचा प्रवेश होतो. प्रत्येक ग्रामीण संगणकामागे शहरात एक भाचा असतो. तो संगणकशास्त्र शिकलेला असण्याची अट नाही. त्याने एकदा कोणाचा तरी लॅपटॉप फॉरमॅट केलेला असला की पुरते. भाचा फोनवर मार्गदर्शन करतो, आणि घाटाच्या पायथ्याला फोनची रेंज ओट्याच्या एका विशिष्ट कोपऱ्यातच मिळते, तर संगणक आतल्या खोलीत असतो. त्यामुळे सूचना ओट्यावर ऐकून, डोक्यात धरून, उंबरा ओलांडून आत न्यावी लागते. वाटेत ती बदलते. एका घरात पहिली सूचना अशी पोचली:

"मामा, प्रोसेसर बसवायच्या आधी बायोस अपडेट करा."

"कोणास?"

"बायोस! आधी बायोस, मग बाकीचं!"

मामांना 'बायकोस' असे ऐकू आले. ही द्वितीया-चतुर्थीची जुन्या वळणाची रूपे आता फक्त निमंत्रणपत्रिकेत उरली आहेत, पण मामांचा पत्रिका जुळवण्याचाच धंदा असल्याने त्यांना ते खटकले नाही. शिवाय सल्ला रास्त होता. प्रोसेसर मागवल्याचे मामींना खरोखरच सांगितलेले नव्हते. मामा आत गेले आणि त्यांनी मामींना अपडेट केले. हे अपडेट तीन दिवस चालले. मधेच बंद करता आले नाही, आणि पूर्ण झाल्यावर जुन्या सर्व सेटिंगा पुसल्या गेल्या होत्या: चहा मागितल्याशिवाय मिळेना, आणि भिशीचे पैसे कुठे ठेवले आहेत याचे उत्तर मिळेना. तांत्रिकदृष्ट्या पाहता खऱ्या बायोसच्या अपडेटातही नेमके हेच होते.

पूर्वतयारीची पहिली पायरी म्हणजे बोर्डाचे नाव शोधणे. संगणकधारकाला विचारले तर तो खोक्याची कंपनी सांगतो, फार तर मॉनिटरची. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बेसबोर्ड' या ओळीत ते नाव आयते मिळते. परंतु जे आयते मिळते ते खरे नसावे असा समज असल्याने खोका उघडला जातो. वैशाखऱ्यातला खोका उघडणे हा प्राणिशास्त्राचा भाग आहे. आत धुळीची गोधडी, पालीची दोन अंडी आणि पंख्याच्या वायरीला टेकून कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर असते. नाव बोर्डावर ठळक अक्षरात छापलेले असते आणि ते बरोबर त्या घराखाली असते. काही कंपन्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडाही छापतात. त्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांची बायोस फाइल वेगळी असू शकते. एकाच आडनावाची दोन घरे असली म्हणजे एकाचे पार्सल दुसऱ्याकडे चालत नाही.

दुसरी पायरी, सोयरीक जुळते का ते पाहणे. खोबण जुळली म्हणजे पत्रिका जुळली असे मानणारे बरेच आहेत. इंटेलने ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले तेव्हा खोबणीचे नाव तेच, एलजीए ११५१, पण जुन्या बोर्डांवर ते चालणार नव्हते. एएमडीची एएम४ ही १३३१ भोकांची खोबण २०१६ पासूनची. तिने अनेक पिढ्यांना घरात घेतले, म्हणून मध्यमवर्गात ती लोकप्रिय. तरी तिथेही मानापमान झालाच. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले, की येणारी नवी पिढी ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली. ओरडल्याने काम होते हे वैशाखऱ्यात आधीपासून ठाऊक आहे, पण तिथे ओरडणारा आणि ऐकणारा एकाच घरात असतो.

जागेचा प्रश्न मात्र खरा होता. अनेक बोर्डांवर ती चिप अवघी १६ मेगाबाइटची असते. हळदीच्या नाचाचा एक व्हिडिओ याहून मोठा भरतो. एवढ्याशा वहीत सगळ्या पिढ्यांची नावे मावेनात, म्हणून काही कंपन्यांनी नवी नावे चढवताना जुनी खोडली. माळशेजच्या एसटीत टोकावड्याला पाच चढले की पाच दारात लोंबकळतात, तशातली गत. त्यामुळे बोर्डाच्या पानावर एक सूचना आढळते, जिच्यापुढे भलेभले थांबतात: ही आवृत्ती जुना प्रोसेसर वापरत असल्यास टाकू नये. आता नवा प्रोसेसर चालायला ही आवृत्ती हवी, आवृत्ती टाकायला चालता संगणक हवा, आणि चालता संगणक जुन्या प्रोसेसरवरच आहे. अर्थ असा, की जुन्यावर बसून फाइल टाकायची आणि टाकल्यावर जुन्याकडे पाठ फिरवायची. सिंहगडावर परतीचे दोर कापल्याची कथा चौथीच्या पुस्तकात वाचून अंगावर काटा आलेला माणूस प्रत्यक्ष दोर कापायची वेळ आली, की भाच्याला फोन लावतो.

"भाच्या, यात लिहिलंय की परत जाता येणार नाही."

"मामा, परत कशाला जायचंय?"

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा असल्याने मामांनी फोन ठेवला. काही बोर्डांना तर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही; आधी मधली, मग पुढची, असे टप्पे सांगितलेले असतात. ते वाचायचे असते. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाने ते वाचले नव्हते, म्हणून ही माहिती त्याच्याकडे खात्रीची आहे.

तिसरी पायरी म्हणजे चालू सेटिंगांची नोंद. त्यासाठी बायोसच्या आत जावे लागते आणि आत जायला संगणक सुरू होताना बहुतेक बोर्डांवर डिलीट ही कळ दाबतात. या कळीच्या नावाने घरात घबराट होते.

"अहो, डिलीट कशाला दाबताय? साक्षगंधाचे फोटो आहेत त्यात."

"डिलीट दाबल्याने डिलीट होत नाही."

"मग तसं लिहिलंय कशाला?"

या प्रश्नाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. शिवाय फास्ट बूट चालू असेल तर कळ दाबायला सवडच मिळत नाही. बोट पोचेपर्यंत विंडोजचे निळे तावदान उगवलेले असते. सातव्या खेपेला कळफलकाची डिलीट कळच निघून हातात येते. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केल्यास विंडोजच्या आतूनही बायोसकडे जाता येते. हा मार्ग ज्यांना ठाऊक असतो त्यांची कळ शाबूत राहते.

आत गेल्यावर पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत: मेमरी कोणत्या वेगाने चालते, डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे, कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची, जुन्या पद्धतीची सोय म्हणजे सीएसएम चालू की बंद, पंखे कधी जोरात फिरावेत, आणि वीज जाऊन परत आली तर संगणकाने काय करावे. हे शेवटचे सेटिंग शहरात कोणी पाहत नाही. त्याचे तीन पर्याय असतात: बंदच राहा, आपोआप सुरू हो, किंवा वीज जाताना जसा होतास तसा हो. मामांच्या संगणकावर कोण्या जुन्या मेकॅनिकने 'आपोआप सुरू हो' करून ठेवले होते. रात्री गेलेली वीज पहाटे तीनला आली की आतल्या खोलीत एकदम घर्रर्र आवाज उठे आणि निळा उजेड पडे. पहिल्या वर्षी आजींनी अंगारा लावला. दुसऱ्या वर्षापासून त्यातली सोय लक्षात आली: आवाज झाला म्हणजे वीज आली, वीज आली म्हणजे उठून बोअरची मोटर लावायची, टाकी भरायची. सगळे घर त्या आवाजावर चालू लागले. गावात इतरांकडे कोंबडा होता, मामांकडे रायझेन.

नोंद करण्याची पद्धत म्हणजे मोबाइलवर फोटो काढणे. बऱ्याच बोर्डांवर एफ-१२ दाबले की पडद्याचे चित्र थेट पेनड्राइव्हवर उतरते, पण पेनड्राइव्ह पुढच्या पायरीत यायचा असल्याने तो अजून मिळालेला नसतो. मामांनी सोळा फोटो काढले. पाचांत फ्लॅशचा गोळा आहे, तीनांत आजी आहेत, एकात फक्त बनियन आहे. उरलेले सात बरे आले, मात्र बहुतेकांत खालच्या कोपऱ्यात अंगठा डोकावतो. हे फोटो भाच्याला पाठवायचे ते चुकून कुटुंबाच्या समूहावर गेले. तिथे चौदा जणांनी हात जोडले, दोघांनी अभिनंदन केले आणि पुण्याच्या आत्यांनी रिपोर्ट चांगल्या डॉक्टरला दाखवायला सांगितले.

चौथी पायरी बिटलॉकरची. ही पायरी गाळण्याकडे सर्वांचा कल असतो, आणि ज्याने ती गाळली त्याचे पुढे सर्वांत जास्त हसे होते. काही संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. किल्ली एका सुरक्षा-पेटीत असते, आणि ती पेटी बोर्डावर नसून अनेकदा प्रोसेसरच्या पोटातच असते. प्रोसेसर काढला की किल्लीसकट पेटी गेली. मग संगणक ४८ आकडी पर्यायी किल्ली मागतो. म्हणून प्रोसेसर काढण्याआधी कुलूप तात्पुरते स्थगित करायचे आणि ते ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवायचे. ते आकडे मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडतात. खाते संगणक विकणाऱ्याने उघडून दिलेले असते, परवलीचा शब्द त्याच्या मुलाच्या वाढदिवसावर बेतलेला असतो, आणि त्याचा मुलगा आता दुबईत असतो. आकडे मिळाले की मामी ते डाळीच्या डब्यावर चिकटवतात. तूरडाळ संपली की नवा डबा येतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

पाचवी पायरी पेनड्राइव्हची. बायोसला जुन्या चालीचा फॅट३२ पद्धतीने भरलेला पेनड्राइव्ह लागतो. त्यावरचे आधीचे सर्व पुसावे लागते. घरात पेनड्राइव्ह तीन असतात. एक जीपमध्ये गाणी वाजवतो, एक सापडत नाही, आणि तिसऱ्यात भजनी मंडळाच्या गेल्या सप्ताहाचे सगळे ध्वनिमुद्रण असते. तिसरा वापरला जातो. "परत भरू की" असे त्या वेळी म्हणतात. फाइल उतरवल्यावर ती पिशवीतून, म्हणजे झिपमधून, बाहेर काढायची असते. न काढता तशीच ठेवली तर बायोस म्हणतो फाइल नाही, आणि मामा म्हणतात डोळ्यांसमोर तर आहे.

सहावी पायरी विजेची. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण वैशाखऱ्यातल्या संगणकधारकाचे सगळे पाप-पुण्य इथे मोजले जाते. वही लिहिताना, म्हणजे अपडेट चालू असताना, वीज गेली तर कारभारी अर्ध्या वाक्यावर मरतो आणि बोर्ड ही एक महाग पाटी उरते. ती जिवंत करायला चिपला चिमटा लावून बाहेरून लिहिणारे सीएच३४१ए नावाचे छोटे यंत्र आणि ते हाताळणारा माणूस लागतो. तो शोधायला मुंबईत ग्रँट रोडजवळ, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि बोलण्यात लॅमिंग्टन रोड, असे जावे लागते. काही बोर्डांना मागे एक बटण असते, ज्याने प्रोसेसरशिवायही फाइल भरता येते. ते बटण ज्यांच्या बोर्डावर असते त्यांना या लेखाची गरज नाही; त्यांनी दुपारी झोपावे.

इकडे माळशेजवर ढग नुसता टेकला तरी गावातला दिवा जातो. मामांकडे यूपीएस आहे. त्याची बॅटरी गेली त्याला चार वर्षे झाली. हल्ली त्यावर गणपतीत मखर ठेवतात. इन्व्हर्टरही आहे. त्यावर दिवा-पंखा न लुकलुकता चालतो, म्हणून त्यावर संगणकही चालेल असे गृहीत धरतात. परंतु वीज गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला क्षणाचा काही अंश लागतो. पंख्याला तो कळत नाही. संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा भाराखाली जेमतेम १६-१७ मिलिसेकंद श्वास रोखून धरतो. तेवढ्यात वीज आली तर ठीक. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा मागच्या बाजूला एक खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला साधे. यूपीएसवर केल्यास बदल पुष्कळ लवकर होतो. हा खटका भिंतीकडे तोंड करून असल्याने विकत घेतल्यापासून कोणी पाहिलेला नसतो. मामांनी इन्व्हर्टर पुढे ओढला, खटका पाहिला, बदलला, आणि मागे ढकलताना प्लग निघाला. काळोखात मामींचा आवाज आला: "झालं का अपडेट?"

या सगळ्यानंतर प्रत्यक्ष अपडेट. प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळे नाव दिले आहे: क्यू-फ्लॅश, एम-फ्लॅश, ईझेड फ्लॅश, इन्स्टंट फ्लॅश. सगळ्यांत एक फाइल निवडायची आणि 'हो' म्हणायचे. मुहूर्त सकाळी अकराचा धरतात, कारण तेव्हा गिरणी बंद असते. मिक्सरला बंदी, पंपाला बंदी, इस्त्रीला बंदी. पडद्यावर एक पट्टी आणि खाली ताकीद: संगणक बंद करू नये. पट्टी अकरा टक्क्यांवर जाते आणि दारात एक शेजारी उभा राहतो.

"मला एकच सातबारा पाहिजे."

"आत्ता नाही."

"एकच पान."

"बायोस चाललंय."

"मग ते झालं की काढा. बसतो मी." आणि तो बसतो. बसताना खुर्ची सरकवतो. खुर्चीचा पाय ज्या वायरीवर येतो ती एक्स्टेन्शन बोर्डाची असते. सदतीस टक्के. मामा बोलत नाहीत, फक्त हाताने खूण करतात. शेजाऱ्याला वाटते तंबाखू मागताहेत. तो चंची काढायला वाकतो. वायर ताणते. पलीकडच्या भिंतीतला प्लग सुतभर बाहेर येतो आणि तिथेच थांबतो. मामा गुडघ्यावर बसून तो प्लग तळहाताने दाबून धरतात. त्या अवस्थेत उरलेले त्रेसष्ट टक्के पार पडतात. चार मिनिटे झाली असे घड्याळ म्हणते. गुडघा अजून निराळे सांगतो.

अपडेट झाल्यावर कारभारी पूर्ण मूळपदावर येतो. आपणही त्याला 'डिफॉल्ट' करून घ्यावे, मेमरीचा वाढवलेला वेग काढून टाकावा आणि मग वीज बंद करून जुना प्रोसेसर काढावा. डिफॉल्ट झाल्यावर काहींची डिस्क दिसेनाशी होते. ती मेलेली नसते. सीएसएम बंद झाल्याने जुन्या पद्धतीने भरलेल्या डिस्कवरून सुरुवात होत नाही, एवढेच. अधिक सावध लोक बोर्डावरची गोल बॅटरीही काही मिनिटे काढून ठेवतात. या बॅटरीवर सीआर२०३२ असे कोरलेले असते. व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. मामांनी तो आकडा मुदत संपण्याचे साल म्हणून वाचला, "अजून बरीच वर्षं आहेत" म्हणाले आणि मेलेली बॅटरी पुसून परत बसवली. त्यामुळे संगणक सुरू झाला तो भूतकाळात. सगळी सरकारी संकेतस्थळे त्याला असुरक्षित वाटू लागली, कारण त्यांची प्रमाणपत्रे त्याच्या मते अजून जन्मायची होती. एका अर्जावर तारीख अशी छापली गेली, की अर्जदार विद्यार्थी त्या दिवशी बालवाडीत होता.

प्रोसेसर काढताना घ्यायची काळजी एकच. जुनी पेस्ट सुकून गोंद झालेली असते आणि पंखा सरळ वर ओढला तर दांडी लावलेली असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो. म्हणून आधी थोडा वेळ संगणक चालवून तापवावा आणि पंखा हलके पिळत काढावा. मामांनी ओढला. तीन पाय वाकले. ते शिसे संपलेल्या यांत्रिक पेन्सिलीने सरळ करण्याचे काम मामींनी केले, मोत्यांची नथ दुरुस्त करणाऱ्या हाताने, आणि तेव्हा पहिला रुसवा मिटला.

नवा प्रोसेसर बसला की पहिल्या खेपेला पडदा बराच वेळ काळा राहू शकतो. मेमरीशी ओळख चाललेली असते. या काळात बंद करू नये. मामांनी दोनदा बंद केले. तिसऱ्यांदा आजी म्हणाल्या, "अरे, तिला पदर तरी सावरू दे," आणि तेवढ्या वेळात चित्र आले. चित्रात इंग्रजीत एक लांब प्रश्न होता: नवा प्रोसेसर दिसतो आहे, किल्ल्यांची जुनी पेटी रद्द करू का? 'वाय' दाबल्यास रद्द होईल; डिस्क कुलूपबंद असेल तर पर्यायी किल्लीशिवाय सुरू होणार नाही. 'एन' दाबल्यास जुनी नोंद राहील, आणि जुना प्रोसेसर परत बसवता येईल.

"काय विचारतोय?"

"विचारतोय, नक्की ना?"

"मग हो म्हणा."

मामांनी 'वाय' दाबले. कुलूप त्यांनी आधीच स्थगित केले होते, म्हणून निभावले. ज्यांनी केले नव्हते ते डाळीचा डबा शोधतात.

शेवटची पायरी जुन्या सेटिंगा परत लावण्याची. मोबाइल समोर धरून एकेक ओळ पाहायची आणि जुळवायची: मेमरीचा वेग लावला, डिस्कचा क्रम लावला, पंख्याचा आवाज उतरवला, तारीख आजची केली. विंडोज ११ चढली. शेजाऱ्याला सातबारा मिळाला. भजनी मंडळाने पेनड्राइव्हची विचारणा केली. मामा परत भरतो म्हणाले, कशातून ते म्हणाले नाहीत. त्या रात्री वीज गेली आणि पहाटे आली. घर सातला उठले.

"अहो, टाकी कोरडी आहे."

"लाइट आली नसेल."

"आली की तीनला. शेजारी मोटर चालू होती. तुमचा तो उठला नाही."

मामांनी मोबाइल काढून फोटो पुन्हा तपासले. वीज आल्यावर काय करावे ही ओळ सोळाव्या फोटोत आहे. तिच्यावर अंगठा आहे.